वलगणीचं आवर्तन: धरणाखालची पाणथळ परत आणता येते का?

टिबुकली (रविवार, रात्री ९:१०)

आज जवळजवळ तीन वर्षांनी पुण्याखाली मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला गेले. टोलनाक्यापाशी वळून नदीकडे उतरलं की बंधारा दिसायच्या आधी वास येतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. बंधाऱ्याच्या दगडांवर पिशव्या, चिंध्या, एका लहान मुलाची चप्पल, आणि त्याच कचऱ्यावर ऐटीत उभी चक्रवाकाची जोडी. खाली फेसात शेकाट्या. पाच-सहा थापट्ये चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होते. पक्षी आहेत, पण एका खिशात मावतील एवढ्या जागेत आहेत. काठाचा जो पट्टा ओला, लव्हाळ्याचा, चिखलाचा असायला हवा तिथे एक तर वेडी बाभूळ आहे, नाही तर सरळ ऊस.

म्हशी घेऊन आलेले एक आजोबा भेटले. मी विचारलं, पूर कमी झाले का? तर म्हणाले, "कमी न्हाई झालं. आधी नदी पाच-सहा बार यायची, जरा पसरायची, परत जायची. आता एकदाच येती अन् सगळं खरवडून नेती."

गाडीत बसल्यापासून हेच वाक्य डोक्यात फिरतंय. आपण नदीची चर्चा नेहमी दोन मुद्द्यांवर संपवतो, सांडपाणी आणि अतिक्रमण. दोन्ही खरंच आहेत. पण वरती खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, मुळशी एवढी धरणं असताना खालच्या पाणथळीला पाणी कधी आणि कसं मिळतं हे कुणी विचारत नाही. जगात कुठे धरणाखाली मेलेली पाणथळ परत आणली आहे का? इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

---

कोथरूडचा_भटक्या (रविवार, रात्री ९:४८)

परदेशात कशाला जाता, भरतपूरला जा. आमच्या ग्रुपने एका दुष्काळी वर्षी हौसेने तिकिटं काढली आणि सायकलरिक्षावाल्याने आम्हाला दिवसभर भेगाळलेली जमीन दाखवली. चित्रबलाकांच्या वसाहतीची झाडं उभी, खाली पाण्याचा थेंब नाही, गायी चरतायत. रिक्षावाला एवढंच म्हणाला, "पांचना से पानी नहीं आया, साहब."

तेव्हा कळलं नव्हतं, परत आल्यावर वाचून काढलं. भरतपूरच्या केवलादेवची पाणथळ मुळात माणसानेच केलेली. अठराव्या शतकात बांधलेला अजान बांध, त्यातून सखल भागात सोडलेलं गंभीर नदीच्या पुराचं पाणी. १९८५ साली जागतिक वारसा. मग वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि गंभीरचं पाणी अडलं. धरणाच्या गावांनी सांगितलं, आधी आमची शेतं, मग तुमचे पक्षी. त्यांचंही काय चुकलं? सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे दिसलाच नाही. त्याला शिकारीपासून इतर अनेक कारणं होती, सगळं खापर धरणावर फोडता येणार नाही, पण कोरड्या तळ्यात तो उतरणार तरी कुठे?

पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या पाइपलाइनमधून पाणी आणलं. आणि इथे खरी गंमत आहे. पाणी आलं, तळी भरली, पण पूर्वीसारखं होईना. गंभीरचा पूर येताना माशांची पिल्लं, किडे, कुजका पाला, गाळ असं सगळं ताट वाढूनच यायचा. पाइपातून येतं ते नुसतं पाणी. बगळ्याला नुसतं पाणी पिऊन जगता येत नाही.

---

गप्पीदास (रविवार, रात्री १०:०२)

म्हणजे टँकरने अंघोळ होते, स्वयंपाक होत नाही.

---

निवृत्त_पाटकरी (सोमवार, सकाळी ६:३५)

टिबुकलीताई, आजोबांनी जे सांगितलं ते आमच्या खात्यातल्या चार अहवालांत नाही. नावात पाटकरी लावलं असलं तरी मी पाटबंधाऱ्यात अभियंता होतो, ३१ वर्षं. पाटकऱ्यांकडूनच, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्यांकडूनच, काम शिकलो म्हणून ते नाव.

आधी हिशेब सांगतो, नाही तर चर्चा हवेत जाते. १००० क्युसेक (सेकंदाला हजार घनफूट) पाणी साडेअकरा दिवस सोडलं की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. हे एक सूत्र लक्षात ठेवा, मग पेपरातली कुठलीही बातमी स्वतः तपासता येते. खडकवासला साखळीत चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खुद्द खडकवासला १.९७. म्हणजे १८७९ सालचं आपलं म्हातारं खडकवासला ही टाकी नव्हे, तो नळ आहे. टाक्या वर आहेत.

आता पूर कुठे जातात ते बघा. जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला घाटात पहिला जोर होतो. त्या वेळी धरणं रिकामी. आंबी आणि मोशी नद्यांचे ते पहिले पाच-सहा पूर पानशेत आणि वरसगाव गिळून टाकतात. खाली मुठेत काहीच येत नाही. मग जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये धरणं भरतात, वर पाऊस थांबत नाही आणि दरवाजे उघडावे लागतात. तेव्हा येतं ते दहा-वीस-तीस हजार क्युसेक, एकदम. पसरणारे छोटे पूर गायब आणि खरवडणारा एक मोठा शिल्लक, तोही गाळाशिवाय, कारण गाळ वर धरणात बसलेला. उपाशी पाणी काठ खातं, असं आमचे एक साहेब म्हणायचे.

आणि हे नेमकं कोणाच्या मुळावर येतं? माशांच्या. पहिल्या पावसाच्या लाल पाण्यात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, काठच्या उथळ गवतात अंडी घालतात. कोकणात वलगण म्हणतात, आमच्या मुळशीकडे चढणीचे मासे. लहानपणी पौडाजवळ ओढ्यात आम्ही टोपलीने धरलेत. वलगणीची वेळ आणि धरण गिळतं ती वेळ एकच. म्हणून मी म्हणतो, गहू-ऊस-हरभऱ्याला जसं आवर्तन, म्हणजे ठरल्या वेळी कालव्याचं पाणी, देता तसं नदीला द्या. वलगणीचं आवर्तन. समजा १५०० क्युसेक तीन दिवस: ०.३९ टीएमसी.

---

इंदापूरचा_पाव्हणा (सोमवार, सकाळी ११:२०)

काका, हिशेब बरोबर हाय. आता टेलच्या, म्हंजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाचा ऐका.

खडकवासल्याचा कालवा आमच्यापर्यंत येतो असं नकाशात दिसतंय. पुण्याची लोकसंख्या वाढली तसा आमचा वाटा आटला. उन्हाळी आवर्तन कधी मिळतं, कधी निम्मं मिळतं, कधी नुसती कालवा समितीची बैठक मिळते. जूनमधी धरणात जे काय तळाला असतं त्यावर पुण्यात पाणीकपात चालू असते. अशात तुम्ही ०.३९ टीएमसी माशांना सोडणार? पेपरात आलं ना, तर शहरवाले अन् गाववाले पहिल्यांदा एकत्र येऊन मोर्चा काढतील.

अजून एक. पुण्याची मंडळी दर जानेवारीत भिगवणला येतात, होडीत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात, चिलापी फ्राय खातात, जातात. ती पाणथळ कोणी केली? उजनी धरणानं. माझ्या आज्याची बागायत बुडाली तिथं. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं तेव्हा माझी आजी काठावरनं हात जोडायची. तेव्हा धरण पाणथळ मारतं हे सरसकट म्हणू नका. आमच्याकडं तर जन्माला घातलीय. आम्हाला मारून, हा भाग वेगळा.

---

टिबुकली (सोमवार, दुपारी १:०५)

पाव्हणं, हे मान्य, आणि मी त्या होडीत बसणाऱ्यांपैकीच आहे. एकच भर घालते. भिगवणला रोहित येतात ते उजनी ओसरायला लागली की, उथळ चिखल उघडा पडला की. ज्या वर्षी पाणी उशिरापर्यंत काठोकाठ असतं त्या वर्षी ते उशिरा येतात. म्हणजे तिथेही मुद्दा पाणी किती याच्याइतकाच ते कधी चढतं-उतरतं याचाही आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात करता त्या तुमच्या गाळपेरीचंही तेच गणित ना?

---

इंदापूरचा_पाव्हणा (सोमवार, दुपारी १:३०)

तेच. पाणी हळू उतरलं तर गाळपेर. एकदम उतरलं किंवा परत चढलं तर बी बी गेलं अन् कष्ट बी.

---

सिंहगडरोड_तळमजला (सोमवार, सायंकाळी ६:१५)

हा धागा वाचून अंगावर काटा आला. २५ जुलै २०२४ ला पहाटे आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. विसर्ग वाढवतोय हा निरोप ज्यांनी द्यायचा त्यांच्याकडून आला तेव्हा आमचा फ्रीज तरंगत होता. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं. आणि तुम्ही मुद्दाम पूर सोडा म्हणताय?

---

निवृत्त_पाटकरी (सोमवार, रात्री ८:४०)

ताई, तुमचा राग रास्त आहे. पण १५०० क्युसेकला तुमच्या पार्किंगपर्यंत पाणी येत नाही, ते नदीच्या पोटातच राहतं. त्या दिवशी खडकवासल्यातून ३५ हजारांच्या वर चाललं होतं. मी उलट म्हणतोय. वर थोडी जागा ठेवून आधीपासून बेताबेताने सोडत राहिलात तर शेवटचा धक्का कमी होतो.

पण खरं सांगायचं तर दरवाज्याच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. जुलैच्या मध्यात धरण निम्मं आहे, तुम्ही पाणी सोडलंत आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर चौकशी कोणाची? धरण भरलं नाही तर साहेबाला नोटीस. नदी मेली तर कोणालाच नोटीस नाही. मी स्वतः नोकरीत असताना एकदाही सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर शहाणपण सुचतं, हे मान्य करतो.

---

वाळवंटात_पुणेकर (मंगळवार, पहाटे ५:५०)

अ‍ॅरिझोनातून लिहितोय, म्हणून वेळ अशी.

टिबुकली, तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. कोलोरॅडो नदीवर १९३० च्या दशकात हूवर धरण झालं, १९६० च्या दशकात ग्लेन कॅन्यन. मेक्सिकोत जिथे ती समुद्राला मिळायची तिथली हजारो चौरस किलोमीटरची पाणथळ वाळून गेली. बहुतेक वर्षी नदी समुद्रापर्यंत पोचतच नव्हती. मग अमेरिका आणि मेक्सिकोने करार केला आणि २३ मार्च २०१४ ला सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्यातून पूर सोडला. आठ आठवडे, सुमारे १३ कोटी घनमीटर. पाटकरीकाकांच्या भाषेत साडेचार टीएमसीच्या थोडं वर, म्हणजे टेमघरपेक्षा जास्त, पानशेतच्या निम्म्याहून कमी. त्या अवाढव्य नदीच्या वर्षाच्या पाण्याच्या एक टक्काही नाही.

आम्ही मित्र सीमा ओलांडून सान लुईस गावी गेलो होतो. पुलाखाली कोरडं वाळूचं पात्र, आणि लोक पाण्याची वाट बघत बसलेले. पाणी धावत येत नाही बरं का. वाळू पीत पीत, फेसाची एक बारीक कड पुढे सरकते, माणसाच्या चालीपेक्षा हळू. पोरं त्या कडेच्या पुढे उलटी चालत होती. एक म्हातारा बूट काढून नुसता उभा होता. अलका टॉकीजच्या चौकातली विसर्जन मिरवणूक आणि पंढरीचं वाळवंट यांच्या मधलं काहीतरी वातावरण. १५ मेला ते पाणी भरतीच्या पाण्याला जाऊन भिडलं.

पण मुद्दा भावनेचा नाही, वेळेचा आहे. मार्चच का? कारण तिथल्या वाळुंजाच्या जातीच्या झाडांचं बी वसंतात उडतं, काही आठवडेच जिवंत असतं, आणि त्याला उघडी ओली माती आणि हळूहळू उतरणारं पाणी लागतं. पूर तसा बेतून चढवला-उतरवला. जिथे आधी परकी झुडपं काढून जमीन मोकळी केली होती तिथे रोपं चांगली आली. जिथे नव्हती काढली तिथे झुडपांनीच पाणी पिऊन घेतलं.

आणि नंतर त्यांनी काय शिकलं? वाळूत फार पाणी मुरलं. म्हणून २०२१ पासून मोठा पूर सोडायच्या ऐवजी शेतीच्याच कालव्यातून नेमक्या जागांना पाणी देतात, महिन्यांचं वेळापत्रक ठरवून. शब्दशः आवर्तन.

---

मुठाई_२ (मंगळवार, सकाळी ९:१५)

+१. पुलाखालचं वर्णन दोनदा वाचलं.

माझी आई नारायण पेठेत वाढली. ती पानशेतच्या आधीचं, १२ जुलै १९६१ च्या आधीचं पात्र सांगते. ओंकारेश्वराच्या खाली वाळू होती, उन्हाळ्यात वाळूत काकड्या लावायचे. आता वाळूच नाही तर टिटवीने अंडी घालायची कुठे? सोसायटीच्या गच्चीवर घालते बिचारी, मी फोटो काढलाय.

---

स्पष्टवक्ता_हडपसर (मंगळवार, सकाळी ११:००)

एक कटू बोलू? कवडीपाटला जे पाणी आहे ते नदीचं नाहीच. डिसेंबर ते मे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरांतून जे वाहतं तेच तिथे तुंबतं. वरच्या धरणांतून उन्हाळ्यात नदीत काही सोडत नाहीत, जे सोडतात ते कालव्यात. मुळशीचं पाणी तर शंभरेक वर्षं उलट्या दिशेला घाट उतरून भिऱ्याला वीज करतं. तुमची पाणथळ म्हणजे गटाराचा बोनस आहे. आणि भर म्हणून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेलं पाणी उचलून बेबी कालवा नावाच्या छोट्या कालव्यात घालतात, शेतीला. म्हणजे उद्या शुद्धीकरण शंभर टक्के झालं आणि सगळं उचललं, तर कवडीपाटला फेसही उरणार नाही आणि चक्रवाकही.

---

वाळवंटात_पुणेकर (मंगळवार, दुपारी १२:१०)

झोपायच्या आधी एवढंच. हा बोनस तिथेही आहे! शेतातून निघालेलं खारट सांडपाणी नदीत नको म्हणून १९७७ पासून कालव्याने मेक्सिकोत नेऊन सोडलं, आणि तिथे सिएनेगा दे सांता क्लारा नावाची प्रचंड पाणथळ आपोआप उभी राहिली. पाणकणसाचं रान. मग हेच पाणी गोडं करायचा कारखाना चालवून बघायचा ठरला तेव्हा पक्षीवाल्यांच्या पोटात गोळा आला. शेवटी चाचणीच्या काळात पाणथळीला बदली पाणी द्यायचं दोन्ही देशांनी मान्य केलं. तेव्हा हडपसरकर, तुमचा मुद्दा कटू नाही, कळीचा आहे. पाणथळीचा वाटा कागदावर नसेल तर स्वच्छतासुद्धा तिला मारू शकते.

---

मंडळ_संपादक (मंगळवार, दुपारी ४:००)

नदीकाठ सुधार प्रकल्पावरचे नऊ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे मनसोक्त भांडा.

---

वाचनकिडा (मंगळवार, रात्री ९:२५)

आफ्रिकेतली दोन उदाहरणं, दोन्ही आपल्याला लागू.

सेनेगल नदीच्या मुखाशी १९८६ मध्ये दियामा धरण झालं, समुद्राचं खारं पाणी वर चढू नये म्हणून. खालचा मॉरिटानियाच्या बाजूचा त्रिभुज प्रदेश पूर न आल्याने मिठागर झाला. १९९१ मध्ये तिथे दियावलिंग राष्ट्रीय उद्यान काढलं. तोपर्यंत राखायला फारसं काही उरलेलंच नव्हतं, हे विशेष. मग बांध आणि दरवाजे बांधून १९९४ पासून कृत्रिम पूर द्यायला सुरुवात केली. दरवाजा कधी उघडायचा हे ठरवताना मच्छीमार, गुरंवाले आणि चटया विणणाऱ्या बाया यांना विचारलं, कारण चटईचं गवत, मासे आणि चारा यांच्या वेळा वेगळ्या. मासे परतले, गवत परतलं, पक्षी परतले. पाव्हण्यांच्या मोर्चाला हे थोडं उत्तर आहे: पाणी "पक्ष्यांना" सोडलंच नव्हतं.

दुसरं उलटं. झांबियात काफुए नदीवर १९७० च्या दशकात इतेझी-तेझी धरण बांधताना मुद्दाम जास्त साठा ठेवला, दर मार्चमध्ये सेकंदाला ३०० घनमीटर पाणी खालच्या मैदानांसाठी सोडायचं म्हणून. केवढी दूरदृष्टी! प्रत्यक्षात दरवाजे विजेच्या गरजेनुसार हलत राहिले आणि मैदानांचं दुखणं चालूच राहिलं. कागदावर वाटा असून पुरत नाही, चावी कोणाच्या हातात हेही बघावं लागतं.

---

इंदापूरचा_पाव्हणा (बुधवार, सकाळी ७:१०)

चटईवाल्या बायांना विचारलं हे आवडलं. आम्हाला कोणी विचारलं तर मी सांगीन: धरणं १५ जुलैला निम्म्याच्या वर असतील त्याच वर्षी सोडा. अन् ते पाणी खाली उजनीतच येणार हाय, वाया जात नाही, हे शेतकऱ्याला आकड्यानिशी दाखवा. फक्त आमच्या कालव्याच्या हिशेबातनं कापू नका.

---

निवृत्त_पाटकरी (बुधवार, सकाळी ७:५५)

पाव्हणं, शर्त मंजूर. नोकरीत असतो तर टिपणी लिहिली असती. म्हणजे वर गेली असती आणि राहिली असती, तरी लिहिली असती.

जागा मात्र शहरात शोधू नका. म्हात्रे पुलापासून संगमापर्यंत नदीला पसरायला जागाच उरलेली नाही, तिथे १५०० क्युसेक नुसतं वाहून जाईल. कवडी ते थेऊर, जिथे अजून सखल काठ आहे, वेडी बाभूळ काढता येईल, तिथे बघा. पण आधी एक साधी गोष्ट हवी. किती विसर्गाला तिथे पाणी काठावर चढतं?

---

टिबुकली (बुधवार, रात्री ९:३०)

हे आपण बघू शकतो! विसर्गाचे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात. बंधाऱ्याच्या अलीकडे काठावर एक जुना दगडी खांब आहे, त्यावर तेलरंगाने फुटाच्या खुणा करायच्या, आजोबांच्या नातवाकडे मोबाइल आहे, तो रोज सकाळी फोटो पाठवायला तयार आहे. रिचार्ज आपण करायचा.

येत्या रविवारी सकाळी साडेसहा, टोलनाक्यापाशी. गमबूट आणा, चपला अजिबात नको. तळमजला ताई, तुम्हीही या ना.

---

सिंहगडरोड_तळमजला (बुधवार, रात्री १०:०५)

येते. रंग कुठला आणू?

---

निवृत्त_पाटकरी (गुरुवार, सकाळी ६:२०)

पांढऱ्यावर काळा. लाल नको, दोन पावसाळ्यांत उडतो. आणि शून्य खांबाच्या बुडाशी नका धरू, बंधाऱ्याच्या माथ्याच्या पातळीला धरा. पातळी जुळवायला पाण्याची नळी मी आणतो.